के-पॉपच्या पलीकडचं कोरियन संगीत: कुठून आणि कसं ऐकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात के-पॉप भरपूर ऐकून झालंय, मुलीला बीटीएस आणि न्यूजीन्सची गाणी तोंडपाठ आहेत, ती तबलाही शिकते. आता कोरियात याखेरीज कोणतं संगीत आहे, ते कुठून ऐकायला घ्यावं आणि तबल्याचा हात असलेल्या मुलीला त्यातलं काही वाजवता येईल का.

मी तबला वाजवतो आणि शिकवतो. सोलमध्ये राहून जांगू हा कोरियन तालवाद्याचा प्रकार शिकलो आणि परत आल्यापासून विद्यार्थ्यांना हे संगीत ऐकवत आलोय. त्या अनुभवावरून पहिला सल्ला: इतिहासाच्या क्रमानं जाऊ नका. दरबारी संगीतापासून सुरुवात केली की बहुतेक जण दहा मिनिटांत बंद करतात. जोडीनं ऐका. आजच्या एखाद्या कलाकाराचं एक रेकॉर्डिंग, आणि त्याच बैठकीत त्याच्यामागचं जुनं. कोरियात हे फार चांगलं जमतं, कारण आज नवं काही करणाऱ्यांपैकी कितीतरी जण लहानपणापासून परंपरेत शिकलेले आहेत. पारंपरिक संगीतासाठी तिथं स्वतंत्र शाळा आहेत, सोल राष्ट्रीय विद्यापीठात १९५९ पासून त्याचा वेगळा विभाग आहे. त्यामुळे त्यांच्या बँडमध्ये जुनं वाद्य किंवा जुना गळा येतो तो शोभेसाठी येत नाही. ती त्यांची मातृभाषाच असते.

पहिली जोडी मी नेहमी ईनालची या बँडची देतो. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग ‘ली’नं सुरू होतं, शोधताना लक्षात ठेवा. हा २०१९ मध्ये जमलेला संच आहे: दोन बेस गिटार, एक ड्रमसेट आणि पानसोरीचं, म्हणजे एका ढोलाच्या साथीनं गाऊन आख्यान सांगायच्या कलेचं, रीतसर शिक्षण घेतलेले गायक-गायिका. ‘वाघ उतरून येतोय’ अशा अर्थाचं त्यांचं गाणं २०२० साली कोरियाच्या पर्यटन महामंडळाच्या जाहिरातीत आलं आणि जगभर पोचलं. मुलीनं कदाचित पाहिलंही असेल. रंगीबेरंगी कपड्यांतले नर्तक सोलच्या रस्त्यांवर विचित्र, मजेदार नाचतात ते. गाणं बँडचं असलं तरी शब्द आणि चाल जुन्या पानसोरीतून उचललेली आहे, ‘सुगुंगगा’ या आख्यानातून.

आणि ही गोष्ट आपल्या घरातली आहे. समुद्रतळाचा नागराजा आजारी पडतो. वैद्य सांगतो, सशाचं काळीज खाल्लं तरच बरा होशील. काळीज म्हणजे इथं यकृत. कासव सशाचं चित्र घेऊन जमिनीवर येतं, गोडगोड बोलून सशाला पाण्याखाली नेतं. आपण कशासाठी आणले गेलोय हे कळल्यावर ससा म्हणतो, अरे, काळीज तर मी वरच ठेवून आलो, आधी नाही का सांगायचं! माकड आणि मगर आठवले ना? पाली जातककथांमधल्या सुंसुमार जातकात माकडाचं काळीज उंबराच्या झाडाला टांगलेलं असतं, पंचतंत्रात जांभळाच्या. बौद्ध ग्रंथांबरोबर ही कथा चीनमार्गे कोरियात गेली आणि तिथं माकडाचा ससा झाला, मगरीचं कासव. ११४५ साली लिहिलेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात ती ससा-कासवाच्या रूपात आहे: ६४२ साली शत्रूच्या राज्यात अडकलेल्या किम छुन-छू या सरदाराला कोणीतरी ही गोष्ट सांगतं, तो त्यातली खूण ओळखतो आणि खोटं वचन देऊन सुटतो.

आता वाघ कुठून आला? समुद्र पार करताना हनुवटीनं पाणी कापून कापून कासवाचं तोंड बधिर झालंय. त्याला ‘ससेराव’ अशी अदबीनं हाक मारायची असते, पण जीभ अडखळते आणि बाहेर पडतं ‘वाघराव’. आयुष्यात कोणी इतक्या मानानं बोलावलं नव्हतं म्हणून वाघ खुशीत डोंगर उतरून येतो. पारंपरिक पानसोरीत हा प्रसंग ‘ओत्मोरी’ नावाच्या तालात गातात. दहा मात्रांचा ताल, विभागणी तीन-दोन-तीन-दोन. मुलीला सांगा, झपतालाची विभागणी उलटी केली की हेच. लय मात्र द्रुत असते, त्यामुळे मात्रा मोजत बसलं तर हातातून निसटतो. पाच-पाचचे दोन झोके म्हणून तो अंगात घ्यावा लागतो. पानसोरीत हा ताल सगळीकडे वापरत नाहीत. कोणीतरी अद्भुत, धाक वाटावा असं प्रवेश करतं तेव्हा तो येतो. ‘हुंगबुगा’ या दुसऱ्या आख्यानात रहस्यमय भिक्षू डोंगरातून खाली येतो, तिथंही हाच. आधी बँडचं गाणं ऐका, मग एखाद्या जुन्या गायकाच्या ‘सुगुंगगा’तला हाच प्रसंग ऐका. नुसत्या एका ढोलावर, एका माणसाच्या गळ्यातून तोच वाघ येतो, आणि माझ्या मते जास्त मोठा येतो.

पानसोरीवर थोडं थांबतो, कारण बाकी पुष्कळ काही तिच्यातूनच उलगडतं. रंगमंचावर दोनच माणसं. उभा राहून गाणारा तो सोरीक्कुन, त्याच्या हातात पंखा. बसून बुक नावाचा ढोल वाजवणारा तो गोसू. गायक कधी गातो, कधी साध्या बोलण्यात कथा पुढे नेतो, कधी पंख्याचं पत्र करतो, कधी करवत, सगळी पात्रं एकटाच उभी करतो. आपल्याकडे नारदीय कीर्तन ज्यानं मन लावून ऐकलंय त्याला ही बैठक समजावून सांगावी लागत नाही. एके काळी बारा आख्यानं होती, आज पाच टिकली आहेत. ‘छुनह्यांगगा’ ही गणिकेच्या मुलीची आणि तिच्या निष्ठेची प्रेमकथा, ‘सिमछंगगा’ आंधळ्या बापासाठी स्वतःला समुद्राला अर्पण करणाऱ्या मुलीची, ‘हुंगबुगा’ गरीब-श्रीमंत भावांची, ‘जोकब्योकगा’ चिनी युद्धकथेवरची आणि पाचवी ही ससा-कासवाची. एकोणिसाव्या शतकात शिन जे-ह्यो या जाणकारानं त्यांची संहिता नीटनेटकी केली. पूर्ण ‘छुनह्यांगगा’ गायला आठ तासांपर्यंत लागू शकतात. पार्क डोंग-जिन यांनी १९६९ मध्ये ते सलग गाऊन दाखवलं, आणि तोवर तुकड्यातुकड्यांनी गाण्याची जी सवय पडली होती ती मोडली. २००३ मध्ये युनेस्कोनं पानसोरीला मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं.

पहिल्यांदा ऐकताना आवाजाचा धक्का बसतो. गळा खरबरीत, जवळजवळ फाटलेला. हे दुखणं नाही, ही कमावलेली गोष्ट आहे. धबधब्याशेजारी बसून, पाण्याच्या आवाजावर मात करत वर्षानुवर्षं रियाज करायची तिथं परंपरा आहे, आणि गुळगुळीत गळा पानसोरीत अपुरा मानतात. ज्यांना सुरुवातीला हे जड जातं त्यांनी किम सो-ही यांच्यापासून सुरुवात करावी. १९१७ ते १९९५ हा त्यांचा काळ, आवाज स्वच्छ आणि शब्द स्पष्ट. मग त्यांच्या शिष्या आन सुक-सन. आणि आजची बाई हवी असेल तर ई जा-राम, जिनं ब्रेख्तच्या नाटकावरून स्वतःची नवी पानसोरी रचली आणि एकटीनं उभी केली.

तबल्याच्या विद्यार्थिनीनं मात्र गोसूकडे कान लावावा. कोरियात म्हणच आहे: आधी गोसू, मग गवई. तो नुसता ठेका धरत नाही. डाव्या तळव्यानं चामडं, उजव्या हातातल्या लाकडी दांडीनं दुसरी बाजू आणि ढोलाचं लाकूड असा वाजवत वाजवत तो मध्येच ‘ओल्सीगू!’, ‘जोत्ता!’ अशी दाद देतो. या दादेला छ्वीमसे म्हणतात आणि ती श्रोत्यांकडूनही अपेक्षित असते. गायक कुठे श्वास घेणार आणि त्याला कुठे उभारी हवी, हे ज्याला कळतं त्याचीच छ्वीमसे बरोबर जागी पडते.

तालाची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तबलेवाल्याचा कान इथंच फसतो. ‘जुंगमोरी’ हा बारा मात्रांचा मध्यलयीतला ताल घ्या. आपण एकतालाच्या सवयीनं पहिल्या मात्रेवर यायची वाट पाहतो. सगळा ताण समेवर सुटतो. जुंगमोरीत सर्वांत ठळक आघात नवव्या मात्रेवर असतो, बहुधा ढोलाच्या लाकडावर कडक वाजलेला. पहिल्या तीन मात्रांत वाक्य ढकलून द्यायचं, पुढच्या तीनमध्ये लांबवायचं, नवव्या मात्रेवर गाठ मारायची आणि उरलेल्या तीनमध्ये ती सैल सोडायची. म्हणजे आवर्तन संपतं ते सुटत सुटत. कितीतरी विद्यार्थ्यांना मी हा ताल टाळीवर धरायला लावलाय, आणि जवळजवळ सगळे बाराव्या मात्रेला पुढे झुकून समेवर आदळतात. ती घाई गेली की पानसोरीचं शब्दांमागचं चालणं ऐकू येतं, एरवी येत नाही.

दुसरी जोडी वाद्यसंगीताची. नवं म्हणून जांबिनाई. २००९ पासूनचा संच, गाभ्याला पारंपरिक संगीत शिकलेले तिघं: पिरी आणि गिटार वाजवणारा, हेगुम वाजवणारी आणि गोमुन्गो वाजवणारी. पिरी ही जाड पत्तीची छोटी सनईसारखी, हेगुम दोन तारांचं गजवाद्य, गोमुन्गो सहा रेशमी तारांचा आडवा, खर्जातला तंतुवाद्याचा राजा, बांबूच्या काडीनं तार मारून वाजवतात. या वाद्यांवर ते मेटलच्या जवळ जाणारा प्रचंड आवाज उभा करतात. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात तेच वाजले होते. ‘ओंदा’ हा २०१९ चा अल्बम घ्या. मोठ्यानं ऐका, आणि काडी तारेवर आपटल्याचा तो ‘ठक्’ आवाज गोंगाटातून वेगळा काढायचा प्रयत्न करा.

मग त्याच संध्याकाळी सानजो. एक वाद्य, साथीला जांगू, बस्स. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोल्ला प्रांतातल्या किम छांग-जो यांनी गायागुम या बारा तारांच्या वाद्यावर हा प्रकार घडवला असं मानतात. अगदी संथ ‘जिन्यांगजो’पासून सुरू होऊन जुंगमोरी, जुंगजुंगमोरी, जाजिनमोरी असा वेग चढत जातो. बडा ख्याल ते द्रुत हा प्रवास ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना ही बांधणी लगेच ओळखीची वाटेल. फरकही मोठा आहे: आज सानजो तिथल्या तिथं सुचून वाजवत नाहीत. प्रत्येक घराण्याची बांधलेली, तासाभरापर्यंतची रचना पाठ करायची असते. छांग-जो यांची नात किम जुक-पा हिची परंपरा सर्वांत जास्त शिकवली जाते. तिथूनच सुरुवात करा.

ऐकायचं काय? डावा हात. उजवा हात तार छेडतो आणि सोडून देतो, पुढचं सगळं डाव्याचं. जोल्लाच्या करुण वळणात तीन प्रकारचे स्वर असतात आणि त्यांची कामं वाटून दिलेली असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा सा रुंद, जड थरथरतो. मध्यम सरळ उभा राहतो, त्याला हलवायचं नाही. आणि वर कोमल धैवत लागतो न लागतो तोच तुटून पंचमावर पडतो. थरथरणारा, सरळ, तुटणारा. एकदा हे तीन कानात बसले की पानसोरीच्या गळ्यातही तेच दिसतील, जोल्लाच्या लोकगीतांतही. आपल्याकडे कंप आणि मींड रागानुसार बदलतात, हे आपण जाणतोच. इथंही स्वराची ओळख त्याच्या हलण्यावर आहे. नुसती उंची लिहून घेतली तर काहीच हाती लागत नाही. पाश्चात्त्य नोटेशनमधून हे संगीत शिकायला गेलेले म्हणूनच अडकतात.

गायागुमच्या बाबतीत ह्वांग ब्योंग-की हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. १९३६ ते २०१८. कायद्याचं शिक्षण घेतलेला हा माणूस या वाद्याचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा रचनाकार झाला. ‘छिमह्यांगमू’ ही १९७४ ची रचना बौद्ध शिल्पांच्या काळातल्या सिल्ला राज्याचं स्वप्न पाहते; तिच्यात जुन्या दरबाराची सावली नाही, मंदिराची आहे. ‘मिगुंग’ मात्र लहान मुलांना रात्री ऐकवू नका. १९७५ च्या त्या रचनेत गायागुमबरोबर स्त्रीचा आवाज हसतो, रडतो, कण्हतो, आणि पहिल्या प्रयोगाला श्रोते हादरले होते.

याच वाटेवर पार्क जी-हा यांचा ‘कम्युनियन’ हा शांत अल्बम आहे आणि ब्लॅक स्ट्रिंग हा गोमुन्गो, बासरी आणि जॅझ गिटारचा संच. दोन्ही चांगले. शमनांच्या, म्हणजे तिथल्या मांत्रिक-पुजाऱ्यांच्या, विधी-संगीतातून आलेलं सामूहिक, मुक्त वादन म्हणजे सिनावी. जांबिनाई आवडले तर सिनावी नक्की आवडेल. आणि नाचायला काही हवं असेल तर आकदान ग्वांगछिल. २०१५ मध्ये, कोरियाच्या स्वातंत्र्याच्या सत्तराव्या वर्षी स्थापन झालेला हा संच आता उत्तर कोरियात गेलेल्या ह्वांगहे प्रांतातली विधीगीतं गातो, तीन गायिका आणि पूर्ण पारंपरिक वाद्यमेळ घेऊन. यात एकही विद्युत वाद्य लागत नाही, तरी सभागृह उठून नाचतं.

दरबारी संगीताबद्दल मी मुद्दाम उशिरा लिहितोय. जोंगम्यो या सोलमधल्या राजपूर्वजांच्या देवालयात दर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठा विधी होतो, आणि त्याचं संगीत १४६४ पासून चालत आलंय. मूळ रचना राजा सेजोंगच्या दरबारातली. काशाच्या सोळा घंटा, दगडाच्या सोळा लाद्या, पिरीचा सलग, न थकणारा आवाज. सेजोंगचा कान कसा होता याची नोंद राजदप्तरात आहे. १४३३ च्या नववर्षाला दगडी लाद्यांचा नवा संच वाजवून दाखवला गेला आणि राजा म्हणाला, एक स्वर किंचित चढा लागतोय. बनवणाऱ्या पार्क योन यांनी लादी तपासली. तासण्यासाठी आखलेली शाईची रेघ अजून शिल्लक होती, म्हणजे दगड तेवढाच कमी तासला गेला होता. रेघ पुसेपर्यंत घासल्यावर स्वर जागेवर आला. हे संगीत ऐकताना लय शोधू नका. एक एक स्वर फुगतो आणि मिटतो, तेवढंच धरा. जोडीला आधी हेपारी या दोघींच्या संचाचा २०२१ चा अल्बम लावा. त्यांनी याच जोंगम्यो संगीताला इलेक्ट्रॉनिक नाद दिलाय, आणि सगळं इतकं थंड आणि सुंदर ठेवलंय की मूळ ऐकायची भीती उरत नाही.

आता ट्रॉट. बाहेरचे रसिक याला कमी लेखतात, मला ते पटत नाही. कोरियातली आजी-आजोबांची गाणी म्हणजे ट्रॉट: दोन ठोक्यांची चाल, पाच स्वरांचं रडवेलं वळण, बंदरं, गाड्या, ताटातूट. जपानी राजवटीत हा प्रकार घडला. ई नान-यंग यांचं मोकपो बंदरावरचं १९३५ चं गाणं आजही त्या शहराची ओळख आहे. ई मी-जा यांचं कॅमेलियाच्या फुलावरचं १९६४ चं गाणं तुफान चाललं आणि लगेच ‘जपानी वळणाचं’ ठरवून त्याच्यावर बंदी आली. ती उठली १९८७ मध्ये. लोक मधली वीसेक वर्षं ते गातच राहिले. ई मी-जा ऐका आणि स्वर कुठे तोडतात ते पाहा. सानजोतला तो तुटणारा स्वर ज्यानं ऐकलाय त्याच्या कानाला इथं लगेच ओळख पटते.

ट्रॉटचं एक रांगडं भावंडही आहे. हायवेवरच्या विश्रांतीथांब्यांवर विकल्या जाणाऱ्या कॅसेट, स्वस्त कीबोर्डचा धडधड ठेका आणि न थांबणारी गाण्यांची माळ. याचा अनभिषिक्त राजा ईपाक्सा, जो आधी पर्यटक बसमध्ये गाणारा मार्गदर्शक होता. आणि आता तुमच्या मुलीसाठी खास जोडी: ‘250’ (कोरियन उच्चार ई-ओ-गोंग) या नावानं काम करणारा निर्माता. न्यूजीन्सच्या ‘हाइप बॉय’ आणि ‘डिटो’मागे तोच आहे. त्यानं २०२२ मध्ये ‘पोंग’ नावाचा स्वतःचा अल्बम काढला, पूर्णपणे या हायवे-कॅसेटच्या आवाजावर उभा, आणि २०२३ च्या कोरियन म्युझिक अवॉर्ड्समध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. तिला तो आधी विचित्र वाटेल. दुसऱ्यांदा ऐकवा, आणि मग लगेच ‘डिटो’ लावा.

रॉक आणि लोकगीतांकडे जाताना १९७५ हे साल लक्षात ठेवा. शिन जुंग-ह्यॉन हा अमेरिकन लष्कराच्या तळांवर गिटार वाजवत मोठा झालेला माणूस. १९६४ मध्ये त्याच्या अॅड फोर या बँडनं कोरियातला पहिला रॉक अल्बम काढला, पुढे त्यानं कितीतरी गायिकांना गाणी दिली. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर स्तुतिगीत करायला त्यानं नकार दिला आणि १९७२ मध्ये देशाच्या डोंगर-नद्यांवरचं लांबलचक, अंगात भिनणारं गाणं केलं. १९७५ मध्ये गांजाच्या प्रकरणात अटक झाली, गाण्यांवर बंदी आली आणि त्या पिढीचं संगीत एका फटक्यात गप्प झालं. त्याचं ऐकायचं असेल तर त्यानं किम जुंग-मी या गायिकेसाठी केलेला १९७३ चा ‘नाऊ’ अल्बम घ्या. उन्हात तरंगणारा आवाज आहे तो. मला कोरियन रॉकमधलं याहून प्रिय काही नाही. दोन वर्षांनी आलेल्या शांततेनंतर १९७७ मध्ये सानुल्लिम हा तीन भावांचा बँड आला. आजचे से सो निऑन किंवा सिलिका जेल ऐकून झाले की त्यांच्याकडे जा.

किम मिन-गी यांचं ‘सकाळचं दव’ या अर्थाचं १९७१ चं गाणंही याच बंदीत सापडलं. यांग ही-उन यांच्या आवाजात ते लोकांना माहीत झालं, विद्यार्थी आंदोलनांनी ते उचललं आणि २०१६ च्या मेणबत्ती मोर्चांतही ते गायलं गेलं. शब्दांत कुठेही घोषणा नाही. फार साधं गाणं आहे, मुलीला गिटारवर सहज बसवता येईल.

ऐकायच्या सोयीबद्दल दोन शब्द. ‘रिलॅक्सिंग कोरियन ट्रॅडिशनल’ अशा नावाच्या याद्यांपासून दूर राहा. तिथं बहुतेक सिंथेसायझरवरचं गुळगुळीत संगीत असतं आणि वर सांगितलेला तुटणारा स्वर त्यातून नेमका गायब असतो. सोलच्या राष्ट्रीय गुगाक (म्हणजे पारंपरिक संगीत) केंद्राचं यूट्यूब चॅनेल सर्वांत विश्वासाचं. कॅमेरा हातांवर असतो, आवाज स्वच्छ असतो. रोमन लिपीत एकाच नावाची तीन-चार स्पेलिंग्ज सापडतात, म्हणून एकदा कोरियन लिपीतलं नाव कॉपी करून ठेवा आणि त्यानंच शोधा. नव्या संगीतासाठी कोरियन म्युझिक अवॉर्ड्सच्या वर्षावर्षाच्या याद्या चाळा. २००४ पासूनचे हे पुरस्कार खपावर नाही, समीक्षकांच्या मतावर ठरतात. कधी सोलला गेलात तर नामसान डोंगरावरच्या नॅशनल थिएटरमध्ये संपूर्ण पानसोरीची मालिका होते, १९८४ पासून चालू आहे. अर्ध्यावर उठलात तरी चालेल, पण एकदा समोर बसून ऐका.

राहिला मुलीच्या हाताचा प्रश्न. होय, तिला जांगू जमेल, आणि बहुतेकांपेक्षा लवकर जमेल. जांगू म्हणजे मधे बारीक, दोन्हीकडे तोंड असलेला डमरूच्या आकाराचा मोठा ढोल. डावीकडे जाड चामड्याचा खर्ज, उजवीकडे पातळ चामड्याचा चढा नाद, म्हणजे डग्गा-तबल्याचीच वाटणी. बोलही आहेत आणि आधी तोंडानं म्हणायचे असतात: डावा ‘कुंग’, उजवा ‘डक’, दोन्ही एकत्र ‘डंग’, काडी टेकवून घरंगळवली की ‘डरररर’, आणि ‘डक’च्या आधी एक कण लावला की ‘गिडक’. पहिला धडा बहुतेक सगळीकडे ‘गुतगोरी’ या तालाचा असतो:

डंग – गिडक – कुंग – डरररर,
कुंग – गिडक – कुंग – डरररर.

दोन-दोन बोलांचा एक असे चार ठोके आणि प्रत्येकाच्या पोटात तीन मात्रा. हे तीन नीट गोल फिरले पाहिजेत. तबल्याच्या सवयीनं ते चौकोनी होतात. म्हणून तिथं आधी वाजवायला देत नाहीत. उभं करून गुडघे किंचित वाकवत, श्वास खाली सोडत आणि वर घेत बोल म्हणायला लावतात. श्वासाला ताल लागला की मग हातात काडी. ती सामुलनोरीचे व्हिडिओ पाहीलच, पाहावेतच: १९७८ मध्ये सोलच्या एका छोट्या नाट्यगृहात किम डक-सू आणि त्याच्या साथीदारांनी खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या वादनमेळ्यातली चार वाद्यं मंचावर आणली आणि हा प्रकार जन्मला. क्वेंगवारी ही छोटी घंटाथाळी विजेची, जिंग ही मोठी घंटाथाळी वाऱ्याची, जांगू पावसाची आणि बुक ढगांचा. मात्र त्यांचा वेग पहिल्या दिवशी उचलायला जाऊ नये.

जांगू मिळेपर्यंत घरची ढोलकी चालेल. डाव्या हातानं कुंग, उजव्या हाताच्या बोटानं डक. बांबूची काडी शाईवर मारू देऊ नका, शाई उडेल. पहिला महिनाभर फक्त गुतगोरी, संथ, बोल तोंडानं म्हणत. त्यानंतर ‘सेमाची’ हा ताल, ज्यावर ‘आरिरांग’ हे कोरियन लोकगीत गातात, तो घ्यावा. तोवर तिला ते गाणंही पाठ झालेलं असेल.